भुरकीच्या रपट्यावरची जीप

"साहेब, चला! नाईतर दुसराबी मुडदा पडंल!"

बेलटोल्याचा कोतवाल चामोर्शीच्या ठाण्याच्या पायरीवर कोसळला. कमरेला दोर बांधून त्याने भुरकी नाला पार केला होता आणि तिथून चिखलातून पळत आला होता. दोराने कमरेची सालटी निघाली होती.

ठाणेदार उमाजी बोरकुटेने त्याला उठवून बसवलं. "पहिला मुडदा कोणाचा?"

"गुणवंतराव ठेकेदाराचा जी. जीपीसकट नाल्यात गेले. डोकं फुटलं."

"आणि दुसरा?"

"लटारू, त्यायचा डायवर. अजून जिता आहे. लोकायनं मोहाच्या झाडाले बांधलं त्याले. वारलू पाटील म्हंते, यानंच मालकाले मारलं, मंग पोलिसाची वाट काऊन पाहाची?"

उमाजीने टोपी उचलली. ठाण्याला मोटार नव्हती. चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता, पण मुंबईहून अजून सायकलसुद्धा आली नव्हती. समोरच रेंजर साहेबांच्या बंगल्यात जंगल खात्याची जीप उभी होती. ती मागून घेतली आणि चाकावर उमाजी स्वतः बसला. लढाईच्या वर्षांत तो आसाम-ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लष्करी मोटारी हाकत होता, शेवटी नव्या पोरांना शिकवतही होता. तिथल्या पावसाने जपान्यांच्या बरोबरीने माणसं मारली होती.

जमादार मनसाराम बाजूला बसला. पाऊस आडवा मारत होता. लाल मातीचा रस्ता साबणासारखा झाला होता. वळणाआधी उमाजी वेग कमी करी, वळणात ब्रेकला पाय लावत नसे. डबक्यातून गाडी निघाली की थोडं अंतर ब्रेक हलका दाबून धरी.

"हे काऊन साहेब?"

"ब्रेक भिजले की पकडत नाहीत. घासून वाळवायचे."

चढ लागला. उमाजीने रेस दिली आणि काचेवरचा वायपर मध्येच थबकला. मनसाराम बाहेर हात काढून काच पुसू लागला. उतारावर वायपर पुन्हा सपासप फिरू लागला.

"चढ आला का हा झोपते. माह्या साळ्यासारखा आहे," मनसाराम म्हणाला.

उमाजी हसला नाही. समोर नाला दिसत होता.

*

भुरकी नाल्यावर पूल नव्हता, पात्रातूनच जाणारा बुटका दगडी रपटा होता. त्यावरून मातकट पाणी वाहत होतं. पूर ओसरू लागला होता. काठच्या गवतावर चिखलाची ओली रेघ वर राहिली होती. रपट्याच्या खालच्या अंगाला, खडकांत, एक जीप कुशीवर पडली होती.

पलीकडच्या काठावर, मोहाच्या झाडाखाली, माणसांचं कोंडाळं होतं. एक हात वर जाई, खाली येई. पाण्याच्या आवाजातूनही फटका ऐकू येत होता. त्यामागून एका बाईची किंकाळी.

"दाबा साहेब! मारून टाकतीन त्याले!" मनसाराम ओरडला.

उमाजीने गाडी थांबवली. उतरला. बॉनेट उघडलं, पंख्याचा पट्टा सैल केला, ओढून काढला आणि गळ्यात अडकवला.

"आता हे काय?"

"पंखा फिरला तर पाणी उडवून इंजिनाच्या ठिणगीवर टाकतो. मधोमध गाडी बंद पडते." त्याने बांबू मनसारामच्या हातात दिला. "पुढे चाल. रपट्याची कड बांबूने चाचपत जा. गुडघ्याच्या वर पाणी आलं तर हात कर."

पलीकडे फटका. किंकाळी.

मनसाराम पाण्यात उतरला. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, पण ओढ मोठी होती. उमाजीने पहिला गिअर टाकला. उजवा पाय दगडासारखा एका जागी ठेवला. वेग वाढला तर पुढे पाण्याची लाट उठते, कमी झाला तर धुराच्या नळीत पाणी शिरतं. पलीकडचा हात पुन्हा वर गेला. उमाजीचा पाय रेसवर जड होऊ पाहत होता. त्याने तो आवरला. दिमापूरच्या पुढे एका पोराने अशीच घाई केली होती. ट्रकसकट तो पुन्हा दिसला नाही.

चाकं पलीकडच्या मातीला लागली. उमाजीने उडी मारली, पिस्तूल काढलं आणि आभाळात गोळी झाडली.

कोंडाळं फुटलं. झाडाला बांधलेला माणूस दोरावरच लोंबकळत होता. डावा हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळलेला. पाठीवर रुंद, काळेनिळे वळ. त्याच्या पायाशी त्याची बायको कुंता चिखलात पडली होती. तिच्या ओठातून रक्त येत होतं.

मारणाऱ्याच्या हातात काळं रबरी काहीतरी होतं. उमाजीने ते हिसकावून घेतलं. एकदा हातातल्या वस्तूकडे पाहिलं. एकदा स्वतःच्या गळ्याकडे. दोन्ही पट्टे सारखेच होते.

"हे कुठे सापडलं?"

"त्याच्याच गळ्यात होतं," वारलू पाटील पुढे आला. धिप्पाड माणूस, धापा टाकत होता. "यानंच मालकाचा गळा आवळला असंल. मंग आमीबी त्यानंच त्याले…"

"सोडा त्याला."

"साहेब, खुनी आहे तो!"

"मग सरकार फाशी देईल. तुम्ही मारलात तर तुम्हा सगळ्यांना लटकवायला या मोहाला फांद्या कमी पडतील." उमाजीने स्वतःच दोर कापला. लटारू त्याच्या अंगावर कोसळला. श्वास चालू होता. कुंताने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

*

गुणवंतरावांना नाल्याकाठच्या छपरीत घोंगडीखाली ठेवलं होतं. उमाजीने घोंगडी उचलली.

आई वारल्यामुळे त्यांचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. त्यामुळे जखम उघडी दिसत होती. उजव्या कानाच्या वर हाड आत दबलं होतं. दबलेली जागा गोल, रुपयाएवढी, काठ धारदार. मात्र तो गोल एका बाजूला तुटलेला होता. तिथे हाड शाबूत होतं. बाकी अंगावर खडकाने खरचटलेलं होतं, पण त्या खरचटलेल्या जागांतून रक्त आलेलं नव्हतं.

त्याने गळा पाहिला. आवळल्याची खूण नाही. नाकातोंडाशी फेस नाही. छाती दाबून पाहिली. पाणी आलं नाही.

"कोणी बाहेर काढलं यांना?"

"मी जी." दाराशी एक किडकिडीत माणूस उभा होता, खांद्यावर जाळं. "मुखरू. मासे धरतो."

"गाडी पडताना पाहिली?"

"पडल्यावर पाह्यली. मी खालच्या वळणाले जाळं सोडवून राह्यलो होतो. धपकन आवाज झाला. वर पाह्यतो तं जीप पान्यात लोळून राह्यली."

"त्याआधी इंजिनाचा आवाज?"

मुखरूने मान हलवली. "नाई आला. नाल्याचा आवाज होता, पन मोटार मोठ्यानं वाजली असती तं कानावर आली असती. मुकाट आली जी, म्हैस पान्यात उतरते तशी."

बाहेरून वारलू पाटलाचा आवाज आला. "त्याचं काय ऐकता साहेब! मागच्या उन्हाळ्यात गुणवंतरावानं त्याले चाबकानं फोडला होता. मालकाले मासे माराले डोहात सुरुंग लावू देईना म्हनून. तो तं मालकाच्या मयतीवर नाचंल."

"नाचलो असतो," मुखरू म्हणाला. "पन मले पोहता येते, तुमाले नाई. म्हनून काढाले मी गेलो."

उमाजी खडकांपर्यंत उतरला. कुशीवर पडलेली जीप नीट पाहिली. गिअरचा दांडा मोकळ्यावर होता. हातब्रेक सुटलेला. किल्ली जागेवरच, पण बंदच्या खुणेवर वळलेली. बॉनेट वाकलं होतं. त्याने ते उचकटलं. पंख्याचा पट्टा नव्हता, आणि डायनामो पट्ट्यासाठी सैल केलेला होता. त्याचा बोल्ट पान्यानेच फिरवलेला होता. पुराला पाना धरता येत नाही.

*

छपरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात लटारूला शुद्ध आली होती. मनसारामने दोन फळ्या बांधून त्याचा हात आवळला होता.

"बोलता येईल?"

"बोलतो जी." दात रक्ताने लाल झाले होते. "मालकाले चांद्याले न्यायचं होतं. इथवर आलो तं रपट्यावर पानी होतं. म्या पट्टा काढला, गळ्यात घातला. बांबू घेऊन पान्यात उतरलो. अर्ध्यात मांडीच्या वर गेलं. वापस आलो. म्हनलं मालक, गाडी नाई टाकत. वरच्या टोल्याच्या वस्तीवरून चैतूची बैलजोडी आनतो, ओढून नेऊ. नाईतर पानी उतरू द्या."

"मालक काय म्हणाले?"

"म्हने, जा, लवकर ये, आज पोचलंच पाहिजे. गाडी उतारावर, म्हनून चाकाले दगोड लावला, किल्ली बंद केली आन् गेलो."

"चैतू भेटला?"

लटारूने डोळे मिटले. "नाई. वाटेत दुसरा ओढा चढला होता. परत फिरलो. इथी आलो तं लोकं धावूनच आले."

"म्हणजे तुला कोणी पाहिलं नाही."

"जंगलात कोन पाह्यते साहेब? रानडुकरं?"

कुंता एकदम म्हणाली, "साहेब, याले गाडीची लई काळजी. पावसात मालक शिव्या देत, 'बैलगाडी हाकून राह्यला का बे,' तरी हा हळूच चालवे. हा कसा पान्यात गाडी घालंल?"

उमाजीने मान हलवली. बायको नवऱ्याची बाजू घेणारच. न्यायाधीशही तेच म्हणेल.

"चांद्याला कशासाठी चालले होते?"

लटारूने तोंड फिरवलं.

उत्तर दारातून आलं. गुणवंतरावांची बायको सुगंधाबाई गावातून चालत आली होती, डोईवरचा पदर भिजून चिकटला होता. "मी सांगतो साहेब. मागच्या थंडीत जंगलात तो नाक्यावरचा पहारेकरी, नाकेदार, मेला. झाड अंगावर पडलं म्हनून लिवलं. झाड नव्हतं पडलं. चोरून तोडलेलं सागवान त्यानं पकडलं, तं त्याले मारला. यायनं तोंड बंद ठेवलं. सासूबाई मरताना म्हनल्या, हे पाप घेऊन माह्या पिंडाले हात लावू नोको. तेव्हापासून जेवन गेलं नाई त्यायले. आज साहेबापुढं सांगाले चालले होते."

"कोणी मारलं होतं नाकेदाराला?"

"मले नाव सांगितलं नाई. म्हने, तुले माहीत नसलेलं बरं."

"त्या रात्री तिथे कोण होते?"

"हे होते, यायचे भागीदार नानाजी होते. लाकडं लटारूच्या गाडीत होती."

बाहेरच्या गर्दीत कुजबुज झाली. पाटील मोठ्याने म्हणाला, "पाह्यलं? लटारू होता तिथी! त्याचंच नाव निघनार होतं!"

"म्या गाडीपाशी होतो जी, आत रानात काय झालं ते पाह्यलं नाई," लटारू कण्हला. कुंताने त्याचं डोकं घट्ट धरलं. तिच्या नवऱ्याच्या मानेभोवतीचा दोर आता सरकारी झाला होता.

*

नानाजी गुणवंतरावांचा भागीदार; लटारूने गाडी नाल्यात घातली, हे गावाला त्यानेच सांगितलं होतं. त्याचा लाकडाचा डेपो नाल्याच्या वरच, उतारावर होता. सागाचे गोल ओंडके रचलेले, प्रत्येकाच्या तोंडावर ठेक्याचा शिक्का ठोकलेला. शिक्क्याविना लाकूड जंगलाच्या नाक्यावरून पुढे जात नाही. नानाजी स्वतः आडव्या ओंडक्यावर बसला होता, डोळे लाल. धोतरावर चामड्याचा पट्टा, पट्ट्याला चामड्याचाच वेढा, आणि वेढ्यात आखूड दांड्याचा शिक्क्याचा हातोडा.

"तुम्ही काय पाहिलं?" उमाजीने विचारलं.

"समदं पाह्यलं." त्याचा आवाज घोगरा होता. "इथीच उभा होतो. वरून जीप आली. लटारू दारू पिऊन होता. इंजिन बोंबलत होतं, रेस पार खाली दाबून धरली होती. तशीच गाडी पान्यात घातली. गुणवंतराव हात हलवून थांब म्हनत होते. पान्यात उलटली आन् हा पठ्ठ्या उडी मारून जंगलात पळाला."

"पाऊस होता?"

"धो-धो."

"काचेतून तोंड ओळखू आलं?"

"हो तं! वायपर सटासट चालून राह्यला होता. काच आरशासारखी. लटारूचं तोंड तुमचं दिसते तसं दिसलं."

"गाडी वरून थेट आली, थांबलीच नाही?"

"क्षनभर नाई."

"तुम्ही खाली गेलात?"

"गाडी बुडल्यावर धावलो. गुणवंतराव तोवर वाहून गेले होते. जवळ गेलोच नाई मी त्यायच्या."

"वाईट झालं," उमाजी म्हणाला. मग ओंडक्यांकडे पाहत, "हा शिक्का एकच?"

"एकच. जंगल खात्यात नोंद आहे. दुसऱ्याच्या हाती देत नाई. झोपतानाबी उशाले असते."

"तेव्हाही कमरेला होता?"

"कमरेलेच," नानाजी म्हणाला, आणि मग उगाच पुढे जोडलं, "रोजच असते."

"खाली छपरीत चला. तुमची जबानी सगळ्यांसमोर घ्यायची आहे."

*

छपरीसमोर अख्खं बेलटोला गाव जमलं होतं. पाऊस थांबला होता. उमाजीने जंगल खात्याची जीप गर्दीसमोर आणून उभी केली. वारुळाची चिकट लाल माती मळून तिचा एक गोळा फळीवर ठेवायला मनसारामला सांगितलं होतं. लोकांना वाटलं, साहेब देव बसवतो की काय.

"नानाजीभाऊ, तुम्ही पाहिलं ते या लोकांना सांगा."

नानाजीने पुन्हा सांगितलं. इंजिन बोंबलणारं. रेस पार खाली. वायपर सटासट. काच आरशासारखी. लोकांनी लटारूकडे पाहून दातओठ खाल्ले.

"पाटील, इकडे या. तुमच्या गावाचा निकाल तुम्हीच बघा." उमाजीने वारलू पाटलाला जीपसमोर उभं केलं, बादलीभर पाणी काचेवर ओतलं आणि इंजिन सुरू केलं. वायपर फिरू लागला. "आता माझं तोंड दिसतं?"

"दिसते."

उमाजीने रेस पार खाली दाबली. इंजिन बोंबललं. मनसारामने काचेवर दुसरी बादली ओतली. वायपर अर्ध्यात थांबला, लटपटला, आणि तसाच पडून राहिला. काचेवरून पाण्याची चादर उतरत होती.

"आता?"

पाटील डोळे बारीक करून वाकला. "आता… नाई जी. समदं पानीच दिसते."

उमाजीने पाय काढला. वायपर पुन्हा फिरू लागला.

"या जीपचा वायपर विजेवर चालत नाही. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीवर चालतो. रेस दाबली की हवेला वाट मोकळी होते, ओढ मरते, वायपर निजतो. ज्याने पावसात ही गाडी चालवली त्याला हे ठाऊक असतं. ज्याने फक्त बाजूला बसून प्रवास केला, त्याला वाटतं तो नेहमीच फिरतो. गुणवंतरावांचीही जीप हीच. पार खाली दाबलेली रेस आणि सटासट वायपर, दोन्ही एकदम होत नाही. नानाजीभाऊंनी लटारूचं तोंड पाहिलं नाही."

नानाजी म्हणाला, "घाईत नजर चुकली असंल. लटारूच होता तो!"

"चाकावर कोणीच नव्हतं." उमाजीने खडकातल्या जीपकडे बोट दाखवलं. "तिची किल्ली बंद आहे. गिअर मोकळा आहे. बोंबलणारं इंजिन पाण्यात पडल्यावर पूर किल्ली फिरवून बंद करत नाही. मुखरूने खरं सांगितलं. गाडी मुकाट आली, कारण ती ढकलली होती. उतार, चाकाचा दगड काढला, हातब्रेक सोडला, बस."

"मंग ढकलली लटारूनंच!" पाटील म्हणाला.

उमाजीने दोन्ही पट्टे वर धरले. "हा माझा, मघाशी पाण्यात उतरण्याआधी मी काढलेला. हा लटारूचा. ज्याला गाडी पाण्यात फेकायची आहे, तो पाना घेऊन आधी पट्टा काढत बसत नाही. ज्याला पाण्यातून जपून न्यायची आहे तोच काढतो. आणि विसरू नये म्हणून गळ्यात घालतो. तुम्ही ज्याने त्याला फोडून काढला, तो त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा होता."

गर्दीतला मारणारा हात धोतराच्या मागे गेला.

"आणि गळा आवळलेला नाही. गुणवंतराव बुडालेही नाहीत. पाण्यात श्वास घेणाऱ्याच्या नाकातोंडाशी फेस येतो, इथे नाही. खडकाच्या ओरखड्यांतून रक्त आलं नाही, म्हणजे पाण्यात पडले तेव्हा काळीज थांबलं होतं. त्यांना गाडीत बसल्या जागी मारलं. लटारू बैल आणायला गेल्यावर." उमाजी नानाजीकडे वळला. "हातोडा द्या."

"कायले?"

"या मातीवर एक शिक्का मारून दाखवा. लाकडावर मारता तसा."

नानाजीचा हात कमरेला गेला आणि तिथेच राहिला. धुतलेला, पुसलेला, रोजचा हातोडा. नाही म्हणावं तर का, आणि हो म्हणावं तर काय. सगळं गाव बघत होतं. त्याने हातोडा काढला आणि मातीच्या गोळ्यावर हाणला.

मातीत रुपयाएवढा गोल उमटला. गोलाची कड एका बाजूला तुटलेली होती. हातोड्याच्या तोंडाचा तेवढा टवका उडालेला होता.

उमाजीने फळी उचलली, छपरीत नेली, घोंगडी बाजूला केली आणि ती मातीची खूण मृताच्या भादरलेल्या डोक्याशेजारी धरली. गोल तोच. तुटकी कडही तीच.

सुगंधाबाईच्या तोंडून आवाज निघाला, माणसाचा वाटावा असा नव्हता तो.

"डोक्यावर केस असते तर कदाचित दिसलं नसतं," उमाजी म्हणाला. "नाकेदाराला तुम्हीच मारलंत. गुणवंतराव चांद्याला तेच सांगणार होते आणि भोळेपणाने तुम्हाला सांगून निघाले. डेपोसमोर गाडी थांबली, ड्रायव्हर गेला, तुम्ही खाली उतरलात. हातात होतं तेच चालवलंत. दिवसभर ओंडक्यांवर मारता तसा शिक्का माणसाच्या डोक्यावर मारलात. आणि फेकूनही देता येईना, कारण हा नसला तर तुमचं एक लाकूड नाक्यापार जात नाही."

"म्या हात जोडले त्याले!" नानाजी एकदम ओरडला. "पाया पडलो! म्हनलं, मले फासावर देऊन तुह्या मायले सर्ग भेटंल का? तो हसला साहेब. हसून म्हने, भेटंल!"

हातोडा अजून त्याच्या मुठीत होता. त्याने तो उमाजीच्या डोक्यावर हाणला. उमाजी वाकला; घाव खांद्यावर बसला, हाड कडकडलं. दुसऱ्या घावासाठी हात वर गेला तेव्हा मनसारामची लाठी मनगटावर आली. मनगट मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हातोडा चिखलात पडला. नानाजी त्यावर झेपावला आणि मुखरूने आपलं ओलं जाळं त्याच्यावर टाकलं. जाळ्यात तो तडफडत राहिला, शिव्या देत, मग रडत.

*

उमाजीचा उजवा खांदा सुजू लागला होता. एका हाताने त्याने पंख्याचा पट्टा परत चढवायला घेतला. दुसरं टोक मनसारामने धरलं. लटारूला जीपच्या मागच्या बाजूला निजवलं. हात वाचेल की नाही ते चांद्याचा डॉक्टरच सांगणार होता. कुंताने त्याच्या अंगावर स्वतःचं लुगडं घट्ट खोचलं.

गर्दी मागच्या मागे पातळ होऊ लागली. कोणी बैल सोडायचं आठवत होतं, कोणी घर गळतं म्हणत होतं.

"थांबा," कुंता म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण माणसं थांबली.

"साहेब, नानाजीनं मालकाले मारलं. ते तुमी डोक्यावरच्या शिक्क्यावरून ओळखलं. माह्या मानसाच्या अंगावर शिक्का नाई. पन कोनं मारलं ते म्या पाह्यलं. एकेकाचं नाव घेऊ?"

वारलू पाटील हसायचा प्रयत्न करत पुढे आला. "जाऊ दे वो बाई. गलतफमी झाली. आमाले का मालूम होतं? त्याच्या दवाखान्याचं समदं गाव पाह्यनार…"

"पाटीलभाऊ, तो ओरडत होता, 'म्या काई केलं नाई.' तुमी म्हनलं, मोठ्यानं ओरड, नाल्यापार गेलं पाह्यजे. त्याचा हात तुमी मुरगाळला. मोडल्यावरबी सोडला नाई."

पाटलाचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं.

उमाजीने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस उद्या गावात असेल, आणि लटारूही. आज नाव घेतलं नाही तर ते दोघं याच रस्त्यावर रोज समोरासमोर येतील, एक काठी घेऊन आणि एक मोडका हात घेऊन.

"मनसाराम, हातकडी?"

"एकच होती साहेब. नानाजीले घातली."

"मग दोर आण. झाडाला होता तोच."

पाटलाने हात पुढे केले नाहीत. मनसारामने ते ओढून घेतले आणि गाठ मारली.

कुंता गर्दीत शिरली. पहिल्या माणसासमोर उभी राहिली, त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मान हलवली, हा नव्हता. तो मटकन खाली बसला. ती दुसऱ्यापाशी गेली.